गरम केमोआधी साधी केमो नीट द्या

संपादक महोदय,

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूत शिरलेला नसेल, तर दुर्बिणीने गाठ काढल्यावर मायटोमायसिन हे केमोचे औषध मूत्राशयात सोडतात. तेच ४० मिलिग्रॅम औषध यंत्रात ४३ अंश सेल्सिअसला तापवून, तीन तोंडांच्या नळीतून तासभर फिरवण्याची पद्धतही आहे. उष्णतेमुळे औषध पेशीत जास्त शिरते आणि डीएनए दुरुस्तीची पेशीची ताकद घटते.

तर्क पटण्यासारखा आहे, निकाल तेवढा नाही. ब्रिटनमधील हायवेक-२ चाचणीत रोग उलटण्याची मध्यम जोखीम असलेल्या रुग्णांत दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेले गरम आणि साधी केमो घेतलेल्या दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ६० टक्के होते. उलट गरम गटात उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण जास्त होते.

बिनखर्चाचा फायदा मात्र हातातला आहे. आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यावे, नाहीतर तयार होणारी लघवी औषध पातळ करते. आम्लधर्मी लघवीत मायटोमायसिन निकामी होते, म्हणून डॉक्टर सोडा बायकार्बोनेट देतात. औषध सोडण्यापूर्वी मूत्राशय नळीने पूर्ण रिकामे करावे. ही पायरी घाईत हमखास वगळली जाते! मूत्राशयाला कळा आल्या तर औषध नळीच्या कडेने गळते आणि कातडीवर पुरळ उठते; तिथे लगेच साबणाने धुवावे. लघवीत जंतुसंसर्ग किंवा ताजे रक्त असेल तर मात्रा पुढे ढकलावी. मूत्राशयाला भोक पडल्याची शंका असेल तर औषध अजिबात सोडू नये.

जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी बीसीजी (क्षयावरची लस, मूत्राशयात सोडून) हाच पहिला पर्याय आहे.

– एक मूत्रविकारतज्ज्ञ, पुणे