गाल्गोंच्या शेल्टरवर जाण्याआधी: मैत्रिणीस पत्र

प्रिय अनघा,

फेब्रुवारीत दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या शेल्टरवर कामाला जायचं पक्कं केलंस, हे वाचून आनंद झाला. महिना मात्र सगळ्यात अवघड निवडलास. सशांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपत येतो, आणि ज्या गाल्गोंना, म्हणजे स्पेनमधल्या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांना, पुढच्या हंगामापर्यंत पोसायची मालकाची इच्छा नसते, ते रस्त्यावर येतात. १ फेब्रुवारीला गाल्गो दिन पाळतात तो याच काळाकडे लक्ष वेधायला. स्पेनचा प्राणिकल्याणाचा कायदा, ७/२०२३, सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला खरा, पण शिकारीच्या कामावरची कुत्री त्यातून वगळली गेली. तेव्हा रिकामे कप्पे दिसतील अशी आशा ठेवू नकोस.

तुला पहिल्याच दिवशी सगळीच कुत्री उपाशी वाटतील. तशी ती नसतात. धडधाकट गाल्गोच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात आणि कमरेची हाडं जाणवतात. पाठीचा कणा करवतीसारखा वर आला असेल आणि मांड्या आत गेल्या असतील, तर ती उपासमार. आणि अशा कुत्र्याला बघून हात सैल सुटतो, तिथेच घात होतो. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाणं मिळालं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तातली पातळी कोसळते. कुत्रं खाऊन-पिऊन तरतरीत दिसतं आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान लटपटतं, श्वास जड होतो, कधी लघवी गडद होते. हृदयही बंद पडू शकतं.

म्हणून हिशेब करून खायला घालतात. विश्रांतीच्या अवस्थेतली गरज म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. अठरा किलोच्या गाल्गोसाठी हा आकडा साधारण ६१० कॅलरी येतो. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, म्हणजे दीडशेच्या आसपास. कोरड्या खाण्यात हे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम होतं, आणि तेही चार ते सहा वेळांत विभागून. पुढचे तीन-चार दिवस हळूहळू वाढवत पूर्ण गरजेपर्यंत न्यायचं. किती आणि कधी वाढवायचं ते पशुवैद्य रक्ततपासणी बघून ठरवतो. तुझं काम एवढंच, की फळ्यावर लिहिलेल्या ग्रॅमपेक्षा एक दाणाही जास्त घालायचा नाही, बिचारा कितीही बघत असला तरी. दुसऱ्या स्वयंसेवकाने ‘थोडंसंच’ घातलं तर फळ्यावर लिहून ठेव. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

आता कातडीबद्दल. गाल्गोच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि कातडी कागदासारखी पातळ. तारेच्या जाळीचं एक टोक, दुसऱ्या कुत्र्याचा खेळातला दात, आणि हातभर फाटते. रक्त फारसं येत नाही, त्यामुळे केसांआड लपलेली जखम संध्याकाळपर्यंत कळतच नाही. मोकळं सोडून परत आणलं की प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवायचा. जखम सापडली तर सलाइनने धुवायची, ओलं गॉझ ठेवून सैल पट्टी बांधायची आणि त्याच दिवशी टाके घालायला न्यायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नकोस, ते जिवंत पेशीही जाळतं. मोकळ्या कळपात जाळीदार मझल (तोंडावर बांधायची मुसकी) लावतात ते याचसाठी. त्यातून धापता आलं पाहिजे आणि पाणी पिता आलं पाहिजे, एवढं बघून घे. आणखी एक: शेपूट भिंतीवर आपटून टोक फुटतं आणि ते भरून यायला नकोनकोसं होतं. अरुंद कप्प्यात आनंदी गाल्गो ठेवला की हे ठरलेलंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा आणि दार. गाल्गोची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे रेटा दिला की कानांवरून सहज निघून जातो. म्हणून चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा मार्टिंगेल पट्टा लागतो, ताण आला की आवळणारा. ओढल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर तो सैल आहे. घाबरट कुत्र्याला शिवाय तीन पट्ट्यांचा हार्नेस, ज्याचा मागचा पट्टा बरगड्यांच्या मागे, पोटाच्या बारीक भागावर येतो. पट्ट्याला एक दोरी, हार्नेसला दुसरी, आणि दोन्ही एकाच हातात धरायच्या नाहीत. बटण दाबून लांब होणारी दोरी शेल्टरवर दिसली तर सरळ बाजूला ठेव. गाल्गो क्षणात ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पोचतो; दोरी संपते तेव्हा मानेला झटका बसतो, आणि हातातून सुटली तर मागून खडखडत येणारी मूठ बघून तो अजूनच पळतो.

दारं दुहेरी असतात. पहिलं लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हातात दोन बादल्या असल्या तरीही. पोदेन्को, म्हणजे उभ्या कानांची दुसरी स्पॅनिश शिकारी कुत्री, असतील तर कुंपणाकडे दुप्पट लक्ष ठेव. गाल्गो धावतो, पोदेन्को विचार करतो. जाळी चढतो, खाली उकरतो, कडी कशी उघडते ते बघून ठेवतो. म्हणून कुंपण दोन मीटर उंच असलं तरी बुंध्याशी जाळी अर्धा मीटर आत वळवून पुरलेली असावी लागते.

तरीही एखादं सुटलंच, तर मागे धावायचं नाही आणि हाकाही मारायच्या नाहीत. नाव त्याला परवा मिळालंय, त्याच्या लेखी तो माणसाचा आरडाओरडा. जिथून सुटलं तिथे त्याचंच न धुतलेलं कांबळं आणि वासाचं खाणं ठेवायचं, कॅमेरा लावायचा, पहाटे आणि तिन्हीसांजेला दुरून बघायचं. एकाच जागी रोज खायला येऊ लागलं की पिंजरा लावतात. गावभर शोधपथकं फिरवली की ते फक्त लांब जातं.

सफाईचं फार सांगत नाही, आठवड्यात हाताला वळण लागेल. विष्ठा उचलणं, साबणाने घासणं, धुणं, आणि मगच जंतुनाशक. घाणीवर ब्लीच ओतण्यात काही अर्थ नाही, आणि लघवीवर ओतलं तर विषारी वाफ निघते. पिल्लांपासून सुरुवात करायची, विलगीकरणातल्या कप्प्यांवर शेवट.

आजारांत लीशमॅनिया हा शब्द रोज ऐकशील. तो परजीवीचा आजार सँडफ्लाय (वाळूमाशी) चावून होतो, कुत्र्याला हात लावून नाही. तेव्हा उगाच दूर पळू नकोस. डोळ्यांभोवती केस गळणं, कोंडा, नखं वेडीवाकडी वाढणं, नाकातून रक्त ही त्याची लक्षणं. परजीवी पुरता जात नाही, पण ॲलोप्युरिनॉलवर कुत्री वर्षानुवर्षं बरी राहतात, मूत्रपिंडं शाबूत असली तर. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियाला चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. ती गोळी खाण्याबरोबरच द्यायची आणि नंतर पाणी पाजायचं, कारण अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

नवीन गाल्गो कोपऱ्यात दगडासारखा उभा राहील आणि तुला हवं ते करू देईल. याला शांत स्वभाव समजू नकोस. भीतीने गोठलंय ते. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बैस, बघू नकोस, डोक्यावरून हात नेऊ नकोस. तो पुढे आला तर छातीला स्पर्श कर, तीन सेकंदांनी थांब, आणि तो पुन्हा मागतो का ते बघ. झाडू खाली धरून चाल. उभी काठी बघून बरीच कुत्री लघवी करतात. कुत्रं मांजरासमोर कसं वागतं याची परीक्षा घेताना त्याला मझल आणि दोरी दोन्ही हवीत. ताठ मान, थरथर, नाकाशी खाऊ आणला तरी नजर न हलणं, यापैकी काही दिसलं तर ‘मांजर असलेलं घर नको’ असं स्पष्ट लिही. घर मिळायला उशीर होईल, होऊ दे.

जर्मनी किंवा इतर देशांत जाणाऱ्या कुत्र्यांचे कागदही तुझ्या हाती येतील. रेबीजची लस वयाच्या बाराव्या आठवड्याआधी धरत नाहीत, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस गेल्याशिवाय प्रवास नाही. फिनलंड, आयर्लंड, माल्टा यांसाठी पट्टकृमीचं औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांत दिल्याची नोंद हवी. कातडीखालची ओळखीची चिप स्कॅन करताना मान, खांदे, छाती सगळीकडे यंत्र फिरव, ती सरकलेली असू शकते. आणि मानेच्या डाव्या बाजूला जुना व्रण असेल तर पशुवैद्याला दाखव, चिप कापून काढलेली असू शकते. चिपच्या क्रमांकाचे पंधराही आकडे एकीने मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने पासपोर्टवर बोट ठेवून जुळवायचे. एकाच खोक्यातल्या चिपांचे आकडे बहुधा लागोपाठचे असतात, फरक शेवटच्या एक-दोन आकड्यांतच असतो.

तुझी,
मेधा