घड्याळ न बघता

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

वर तारीख-वेळ घातलेली नाही, कारण रात्री घड्याळ बघायला मला बंदी आहे. सोप्यावरचं टोलांचं घड्याळ, तूच ज्याच्या लंबकाला लिमलेटची गोळी चिकटवली होतीस ते, हिने चावी देणं बंद करून गप्प केलंय. फोनही हातात घ्यायचा नाही, त्याचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून. उरली ही वही. झिरोचा बल्ब लावून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं तरी कुठे मोत्याचं होतं!

सहा महिने तुझे फोन उचलले नाहीत. रागावला असशील. रागावण्यासारखंच आहे. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, साखर काठावर, दात एक गेला. आता मुद्द्याचं.

मला झोप येत नाही असं नाही रे. येते. आडवा झालो की दहा मिनिटांत घोरायला लागतो असं ही शपथेवर सांगते. पण मध्यरात्र उलटली की कोणी हाक मारल्यासारखे डोळे उघडतात. मग लघवीला जातो, पाणी पितो, परत येतो. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा टक्क जाग. अशी तीन-तीन, चार-चार वेळा. आणि तिसऱ्या खेपेनंतर जी जाग येते ती पहाटेच्या पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत सोबत करते.

गंमत बघ. वीज खात्यात छत्तीस वर्षं काढली. पावसाळ्यात किती वेळा अपरात्री फोन आला असेल ते देवाला ठाऊक. कुठे फणसाची फांदी लाइनवर, कुठे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडालेला. उठायचं, रेनकोट चढवायचा, खांबावर चढायचं, लाइन चालू झाली की परत येऊन ओल्या केसांनी झोपायचं. पडल्या पडल्या झोप! त्या वेळी कोणीतरी उठवत होतं. आता साठी झाली, निवृत्त झालो, कोणी उठवत नाही, तर मीच मला उठवतो.

आणि रात्री जे विचार येतात त्यांना काही धरबंध? कुळागराच्या बांधाची भावाशी चाललेली कुरबुर दिवसा मला हसण्यासारखी वाटते. रात्री तीच हायकोर्टात पोचलेली असते. पाडेली दोन महिने आला नाही, नारळ कोणाच्या तरी डोक्यात पडणार. मुलीच्या बेंगळुरूच्या फ्लॅटचा हप्ता. शेवटी काहीच नाही मिळालं तर तू नाटकात माझा प्रवेश खाल्लास तो. तू दुसऱ्या अंकातून एकदम चौथ्यात उडी मारलीस आणि मी विंगेत तलवार घेऊन उभाच! चाळीस वर्षं झाली, पण रात्री त्या तलवारीला अजून धार असते. सकाळी चहा घेताना यातलं काही आठवतही नाही.

आणखी एक शोध लागलाय, तुझ्या कामाचा. शहाऐंशी साली गोव्याच्या राजभाषेच्या वादात तू कोकणीच्या मोर्चात आणि मी मराठीच्या, आणि आठ महिने आपण एकमेकांशी बोललो नाही, आठवतं ना? सत्त्याऐंशीत कायदा झाला, पेढे तू वाटलेस, मी खाल्ले नाहीत. (एक खाल्ला होता. माईने दिला.) तर शोध असा की मी दचकून जागा होतो तो कोकणीत. "कितें जालें?" असंच तोंडातून येतं. काळजी मात्र शुद्ध मराठीत करतो, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. तुझाही विजय, माझाही विजय, आणि झोप कोणालाच नाही.

आधी घरगुती उपाय झाले. जायफळ घातलेलं दूध. तळपायाला खोबरेल. मग भाऊजींनी सांगितलं, जेवणाआधी दोन पेग काजूची. पहिल्या रात्री वाटलं, मिळालं औषध! खाटेवर पडलो तो दगड. पण मध्यरात्रीनंतर जी जाग आली ती नेहमीपेक्षा वाईट, घसा कोरडा, छातीत धडधड. नंतर कळलं की दारू झोप आणते खरी, पण शरीर ती जिरवून मोकळं झालं की उत्तररात्रीची झोप मोडून टाकते. म्हणजे फेणी आगाऊ पैसे देते आणि तीन वाजता वसुलीला येते. त्यांच्याकडचीच झोपेची अर्धी गोळीही एकदा घेतली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत डोकं कापसाचं. हे हिला माहीत नाही, पत्र सांभाळून ठेव.

शेवटी फोंड्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिशीची पोर, पण माणूस धीराचा. आधी प्रोस्टेट बघायला पाठवलं, ते ठीक निघालं. मग हिला विचारलं, घोरताना यांचा श्वास मध्येच अडकतो का? तसं असेल तर तपासणी वेगळी करावी लागते. हिने नक्कल करून दाखवली, पाच मिनिटं. श्वास अडकत नाही असं ठरलं. बाहेर बसलेले पेशंट मात्र अजून हसत असतील.

बाई म्हणाल्या, काका, रात्रीतून जागं होणं हा आजारच नाही. झोप म्हणजे सलग लांब रस्ता नव्हे. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात, रात्रीत चार-पाच. फेरा संपताना प्रत्येक जण थोडा वर येतो, कूस बदलतो, पुन्हा बुडतो, सकाळी आठवतही नाही. गाढ झोप बहुतेक पहिल्या फेऱ्यांतच होऊन जाते, पहाटेकडची झोप हलकी आणि स्वप्नांची. वय वाढलं की गाढ झोप आणखी कमी. तुमचं दुखणं जागं होणं नाही, जागं झाल्यावर तुम्ही जे करता ते आहे.

मी काय करत होतो? घड्याळ बघून हिशेब. दोन चाळीस झाले, आता झोपलो तर तीन तास मिळतील. तीन वाजले, आता अडीच. असा हिशेब करत कोणी झोपलंय का!

मग नियम. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत, तीही अंदाजाने, डोळा लागला नाही की खाट सोडायची. बाहेर येऊन मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. झोप डोळ्यांवर आली तरच परत जायचं. पुन्हा नाही आली तर पुन्हा उठायचं. खाट फक्त झोपेसाठी, काळजी करायला, पेपर वाचायला नाही. दुपारची वामकुक्षी बंद. (गोव्याच्या माणसाला हे सांगायला छाती लागते!) पाचचा चहा बंद, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. सकाळी उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

नियम कुणी काढला हे विचारल्याशिवाय मी तो पाळत नाही, हे आमच्या ज्युनिअर इंजिनिअरला विचार. बाईंनी सांगितलं, अमेरिकेतल्या बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, १९७२ साली. पडून तळमळायची सवय झाली की अंथरूण बघितलं तरी मेंदूला जागरणाची आठवण होते, ती गाठ सोडवायची, असं त्याचं म्हणणं. मला एकदम पटलं. का सांगू? आमच्याकडे अकरा केव्हीचा ब्रेकर ट्रिप झाला की एकदा चार्ज करून बघतात. धरला तर ठीक, फांदी लागून गेली असेल. पुन्हा उडाला तर उगाच चार्ज करत बसायचं नाही. कंदील घ्यायचा आणि लाइन चालत बघायची. मी सहा महिने खाटेवर पडून ब्रेकर मारत होतो रे, एकामागून एक, रात्रभर.

दुसरा नियम कठीण. पंधरा दिवस वहीत मांडलं, तेव्हा दिसलं की मी नऊ तास खाटेवर असतो आणि झोपतो जेमतेम साडेपाच. बाई म्हणाल्या, मग खाटेवर तेवढाच वेळ राहायचं. रात्री बारा ते सकाळी साडेपाच, आधी पडायचं नाही. झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवू. ही युक्ती स्पीलमन नावाच्या माणसाने १९८७ मध्ये मांडली. तोच आपल्या भाषेच्या कायद्याचा सन, तेव्हा मला त्रास व्हायचाच. पहिले दहा दिवस असे गेले की विचारू नकोस. बाईंनी बजावलं होतं, सुरुवातीला दिवसा पेंग येईल, स्कूटर चालवू नका. पेंग म्हणजे काय, म्हापशाच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या कोबीच्या पिशवीवर झोपलो. तिने उठवलं नाही. देव तिचं भलं करो.

फरक? पडलाय. चाराच्या दोन खेपा झाल्यात. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, वीजदिवे येण्याआधी युरोपात लोक दोन हप्त्यांत झोपत, मध्ये उठून गप्पा मारत, प्रार्थना करत. एकर्च नावाच्या इतिहासकाराने जुन्या कागदांतून ते शोधून काढलं म्हणे. म्हणजे दोष वीज खात्याचाच! मी तिला म्हटलं, आपल्याकडे ब्राह्ममुहूर्त आहे. हिने आतून सांगितलं, तुम्ही उठता तो चोरांचा मुहूर्त.

इथपर्यंत तुला फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं सांगता येणार नाही.

या श्रावणात देवळात सप्ताह झाला. आपला तोच, म्हणायचं सप्ताह आणि अखंड भजन आटोपायचं चोवीस तासांत. मी नियमाप्रमाणे रात्री खाटेवरून उठून सोप्यावर बसलो. पाऊस नव्हता. कुळागरात झावळ पडली तेवढाच आवाज. भजन ऐकू येत होतं, पण कसं, एकच गळा आणि एकच टाळ, तोही लयीच्या मागून. मी छत्री घेऊन गेलो. मंडपात पोरं तीन. एक गातोय, एक फोन बघतोय, आणि तिसरा पखवाज मांडीवर घेऊन गाढ झोपलेला. अगदी तुझ्यासारखा, खांबाला टेकून, तोंड उघडं. भजनाचा उत्तररात्रीचा पहारा अजून आपल्याच वाड्याकडे आहे.

टाळ घेऊन बसलो. गळा राहिलेला नाही, तरी अभंग तोंडात होते. समईत तेल घातलं. थोड्या वेळाने कमिटीचे लोक आले. झोपलेला पोर धडपडून उठला, पांढराफटक. मी म्हटलं, आत्ताच टेकलाय, माझ्यासमोर.

दिगू, पंच्याऐंशी साली मी हे म्हटलं नव्हतं.

तेव्हा भजन थांबलं, समई विझली, तात्या कंदील घेऊन आले आणि तू झोपलेला सापडलास. मी तेलाची बुधली घेऊन उभा होतो. मी सांगितलं, विहिरीवर गेलो होतो, इतक्यात याने डोळा लावला. सगळ्या गावासमोर तुझ्या बाबांनी तुला जे सुनावलं ते मी ऐकत राहिलो. नंतर चाळीस वर्षं तुला कुंभकर्ण म्हणत आलो, तुझ्या लग्नात, वहिनींसमोर, तुझ्या पोराच्या मुंजीतसुद्धा. तू हसायचास.

मी विहिरीवर गेलो नव्हतो. गर्भकुडीच्या बाजूला, अंधारात, झोपलो होतो. पायांचा आवाज ऐकून उठलो आणि हाताला लागली ती बुधली उचलली. हे तुला कधीतरी सांगेन म्हणून ठेवलं होतं. पण या सहा महिन्यांत रात्री जागा राहून राहून आणखी एक आठवलं, जे मी बहुधा मुद्दाम विसरलो होतो. उठलो तेव्हा माझ्या अंगावर चादर होती. तुझी, निळ्या पट्ट्यांची, डोंबिवलीच्या मामाने आणलेली. ती मी घाईने चटईखाली सारली. म्हणजे मी आधी झोपलो. तू बघितलंस, पांघरूण घातलंस, आणि एकटा गात बसलास, जमेल तेवढं.

तुला माहीत होतं. आणि एका शब्दाने बोलला नाहीस.

यावर काय लिहायचं ते सुचत नाही. तुझे फोन उचलले नाहीत त्याचं कारण झोप नव्हे, हे.

पोदेराचा भोंगा ऐकू आला. म्हणजे साडेपाच वाजून गेले आणि मी घड्याळ न बघता रात्र काढली. हिने पावाचे उंडे घ्यायला सांगितलेत, उठायला हवं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? निखिलला मुलगी झाली ते कळलं, अभिनंदन, नाव काय ठेवलं? तुझ्या सोसायटीचं लिफ्टचं भांडण मिटलं का? चतुर्थीला या दोघं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायला उंच माणूस लागतो आणि मला शिडीवर चढायला हिने मनाई केलीय. लाइनमनला!

तुझा,
बाबल

ता. क. उत्तर पत्रानेच दे. फोन करायचाच असेल तर दिवसा कर. आणि ती चादर तेव्हा परत मिळाली होती का तुला?