मंत्रीसाहेब, किडनीला शनिवार-रविवार नसतो

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार. मी गोव्यात राहते, गेली चार वर्षं डायलिसिसवर आहे, म्हणजे मशीनने रक्त गाळून घेते, आधी अंगणवाडीत होते, आता घरीच असते. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी साडेसहाला नेहमीसारखी आमच्या जवळच्या सेंटरवर पोचले तर दाराला कुलूप, आणि वॉचमन सांगतो पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट बिघडलाय, मंगळवारी या. कोणाला फोन नाही, मेसेज नाही. माझे दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार, म्हणजे गुरुवारपासून मंगळवारपर्यंत पाच दिवस रक्त तसंच घाण घेऊन फिरायचं. हे सेंटर सुरू झालं तेव्हा स्टेजवरून शब्द दिला होता की एकाही पेशंटला परत जावं लागणार नाही. मी समोरच बसले होते, टाळ्या वाजवल्या होत्या.

रविवारी रात्री वजन साडेचार किलोनी वाढलेलं, पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा, आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखा दम कोंडायचा म्हणून खुर्चीतच बसून राहिले. पहाटे आमच्या ह्यांनी 108 बोलावली. दुसऱ्या इस्पितळात रक्तातलं पोटॅशियम खूप वाढून 6.8 निघालं. डॉक्टर ह्यांना बाहेर नेऊन म्हणाले, अजून उशीर केला असता तर हार्ट थांबलं असतं. माझी पोरगी बारावीला आहे, ती रात्रभर माझ्या पाठीला हात लावून उभी होती, तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

शनिवारी मशीन बंद म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या लोकांना हे ऑफिसचं काम एक दिवस पुढे ढकलल्यासारखं वाटतं. बरगड्यांच्या खाली, पाठीकडे दोन किडन्या असतात, मुठीएवढ्या, एकेक साधारण 150 ग्रॅमची, उजवी जरा खाली कारण वर लिव्हर बसलेलं असतं. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात, बाहेर पडते फक्त दीड-दोन लिटर लघवी. ती दोन नळ्यांतून थेंब थेंब खाली मूत्राशयात उतरते आणि तीन-चारशे मिली साठली की माणसाला जावंसं वाटतं. ते जावंसं वाटणं मला दोन वर्षं झालेलं नाही साहेब. पूर्वी रात्री उठावं लागलं की मी वैतागायचे, आता कोणी एकदा लघवी होऊ दे म्हटलं तर मी देवळात नारळ ठेवीन.

आणि फक्त लघवीच नाही. रक्त तयार करायचा हुकूम किडनीच देते, हाडांसाठीचं डी व्हिटॅमिन कामाला लावते, बीपी सांभाळते. यातलं मशीनला जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून मी रक्त वाढायची इंजेक्शनं वेगळी घेते. खरी किडनी आठवड्याचे 168 तास चालते, मशीन मला 12 तास मिळतं, त्यातले पण चार तुम्ही काढून घेतले. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा आला, पेज आली, माशाचं हुमण (आमटी) आलं. मे महिन्यात दारातल्या माडाचं शहाळं बघते आणि जीभ ओठांवर फिरवते, पोटॅशियम असतं म्हणून एक घोट पण घेता येत नाही.

एका वेळच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, मग आरओ बिघडला की सगळी मशीनं बंद हे उद्घाटन करणाऱ्यांना माहीत नव्हतं का? दुसरा पंप ठेवायला, लाईट गेली तर जनरेटर ठेवायला, आदल्या संध्याकाळी पेशंटना फोन करायला कितीसा खर्च येतो? केंद्राने 2016च्या बजेटमध्ये डायलिसिसची योजना जाहीर केली, आपल्या गोव्यात उपचारांसाठी सरकारचं दीनदयाळ कार्ड आहे, कार्ड माझ्या पर्समध्येच होतं आणि दार बंद होतं. त्यानंतरही सेंटर बंदच, म्हणून परवाचे गुरुवार-शनिवार भाड्याची गाडी करून लांबच्या इस्पितळात जाऊन आले, दोन फेऱ्यांना सहा हजार गेले. ह्यांचा पगार अठरा हजार.

आणि मुळात मी इथवर आलेच कशी ते पण लिहिते. आठ वर्षं बीपीच्या गोळ्या घेतल्या, लघवीत प्रोटीन जातंय का बघूया असं एकदाही कोणी म्हटलं नाही. पट्टी बुडवून बघायची साधी टेस्ट आहे हो! रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची घाण, वाढलेलं दिसेपर्यंत निम्मी किडनी गेलेली असते आणि तोपर्यंत काही दुखत नाही. शुगर आणि बीपी ही किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं, ती तर घराघरात आहेत. आपल्या काणकोण तालुक्यात तर कितीतरी वर्षं लोकांच्या किडन्या जातायत आणि कारण पक्कं सापडत नाही. एवढंसं राज्य, 2011च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं, दरडोई उत्पन्नात देशात वरच्या नंबरात, आणि अंगणवाडीच्या बाईला श्वासासाठी रात्रभर खुर्चीत बसावं लागतं. आम्ही लहान मुलांची वजनं, उंच्या, सगळ्याची रजिस्टरं भरून पाठवायचो, एक रकाना रिकामा राहिला तर मेमो यायचा. कुलूप लावलं त्याला मेमो गेला का?

उद्या मंगळवार. साडेसहाला माझा नंबर आहे, आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत आणि प्लांट सुरू झाला का ते अजून कोणी कळवलेलं नाही. गाडीवाल्याला अकरापर्यंत सांगावं लागतं.