बापाचा गुन्हा मुलाच्या नावावर का लावता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रेडिओच्या जुन्या दिवसांवरचा लेख वाचला. आकाशवाणीच्या श्रुतिकांबद्दल लेखकानं जिव्हाळ्यानं लिहिलं आहे. पण अमेरिकेतल्या रेडिओ-वेस्टर्न मालिका, म्हणजे तिकडच्या जुन्या पश्चिम भागातल्या दरोडेखोर-मार्शलांच्या गोष्टी, मात्र 'घोडे, बंदुका आणि पोरासोरांची करमणूक' एवढ्या एका ओळीत निकालात काढल्या आहेत. ते मला लागलं, म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षं न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश साहेब सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचो. मान खाली, नजर वहीवर. त्यामुळे पिंजऱ्यातली माणसं मी पाहिली कमी आणि ऐकली जास्त. निवृत्तीनंतर भाच्यानं मोबाइलवर 'गनस्मोक' ही मालिका लावून दिली आणि पहिल्याच रात्री मला माझं कोर्ट आठवलं.

ही मालिका सीबीएस रेडिओवर २६ एप्रिल १९५२ रोजी सुरू झाली आणि जून १९६१ पर्यंत चालली. कॅन्सस प्रांतातलं डॉज सिटी, काळ १८७० नंतरचा, आणि गावाचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन. आवाज विल्यम कॉनरॅड यांचा. निर्माते नॉर्मन मॅकडोनेल आणि लेखक जॉन मेस्टन यांना ती मुलांसाठी करायचीच नव्हती, मोठ्यांसाठी करायची होती. मुलांसाठी 'लोन रेंजर' आधीपासून होताच; १९३३ साली डेट्रॉइटच्या केंद्रावरून सुरू झालेला, रुपेरी गोळ्यांचा आणि सज्जन-दुर्जन ओळखायला सोपा. डिलनच्या डॉज सिटीत तसं नाही. तिथं मार्शल पुष्कळदा उशिरा पोचतो. कधी खरा गुन्हेगार सापडतो, पण तोवर ज्याचं नुकसान व्हायचं त्याचं होऊन गेलेलं असतं.

आणि ते आवाज! लाकडी फळ्यांवर बुटांची टापटाप, तिच्यात घोडेस्वाराच्या टाचेला लावलेल्या काट्यांची बारीक किणकिण, लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय, ग्लासात दारू पडते, आणि मग कुणीच बोलत नाही. ती शांतता ते लोक कापून टाकत नसत. साक्षीदाराला अडचणीचा प्रश्न विचारल्यावर कोर्टात जी शांतता पसरते, अगदी तीच. लेखनिकाला ती वहीत उतरवता येत नाही, पण ऐकू येते.

या वेस्टर्न गोष्टींत एक पेच नेहमीचा आहे. दरोडेखोराचा मुलगा गावात येतो. त्यानं काहीच केलेलं नसतं, पण गावानं निकाल आधीच लावलेला असतो. रेडिओवर हा पेच जास्त टोचतो, कारण तिथं चेहरा दिसत नाही. 'बापासारखाच दिसतो' असं म्हणायची सोय ऐकणाऱ्याला नाही. त्याच्या हाती फक्त त्या पोराचा आवाज आणि त्यानं काय केलं एवढंच येतं. न्यायाधीशाच्या हातीही खरं तर तेवढंच असायला हवं.

ही गोष्ट कुणी कल्पनेनं रचलेली नाही. जेसी जेम्स हा मिसुरीतला नामचीन दरोडेखोर. बँका लुटल्या, आगगाड्या लुटल्या. ३ एप्रिल १८८२ रोजी सेंट जोसेफ गावातल्या भाड्याच्या घरात, भिंतीवरची तसबीर नीट करत असताना, त्याच्याच टोळीतल्या रॉबर्ट फोर्डनं त्याला पाठीमागून गोळी घातली. गव्हर्नर क्रिटेंडन यांनी इनाम लावलं होतं. फोर्डला खुनासाठी शिक्षा झाली आणि त्याच दिवशी गव्हर्नरांनी माफीही दिली. घरात सहा वर्षांचा मुलगा होता. बाप 'थॉमस हॉवर्ड' या खोट्या नावानं राहत असल्यामुळे आपलं खरं नावही त्या पोराला ठाऊक नव्हतं. बाप मेला त्यानंतर त्याला कळलं की आपण जेसी जेम्सचा मुलगा.

पुढे मिसुरीतल्याच कॅन्सस सिटी शहरात, तिथल्या कोर्टाच्याच इमारतीत, त्यानं सिगार विकायचा ठेला टाकला. ही गोष्ट वाचली तेव्हा मी थबकलो. रोज ज्या पायऱ्यांवरून वकील, पक्षकार, पोलीस चढतात-उतरतात, तिथं हा मुलगा बापाचंच नाव घेऊन उभा. १८९८ मध्ये शहराजवळ लीड्स इथं आगगाडीवर दरोडा पडला आणि संशय कुणावर? जेसी जेम्सच्या मुलावर. १८९९ मध्ये खटला चालला, ज्यूरीनं पुरावा ऐकला आणि त्याला निर्दोष सोडलं. त्यानंतर तो कायदा शिकला आणि त्याच शहरात वकिली करू लागला. ज्या गव्हर्नरांनी बापावर इनाम लावलं, त्यांच्याच मुलानं त्याला आधार दिला होता, हेही सांगायला हवं. बापांचं वैर त्या दोघांनी पुढे चालवलं नाही.

हे सगळं परक्या मुलखातलं, असं कुणी म्हणू नये. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आपल्याकडे माणसाला जन्मतःच आरोपी ठरवलं होतं. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, भामटा अशा कितीतरी जमातींच्या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या वस्तीला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. कुंपणात जन्मलेल्या मुलाचा गुन्हा कोणता, तर अमक्याच्या पोटी आला हा. तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. डॉज सिटीचा मार्शल रेडिओवर बोलू लागला, त्याच वर्षी.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. मोटारसायकल चोरीची साधी केस होती. आरोपी विशीतला, एका गॅरेजमध्ये कामाला. शिपायानं पुकारा केला, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे वडिलांच्या नावासकट, आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. वडिलांचं नाव त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. पुढे साक्षीत पोलीस हवालदार म्हणाले, "हा त्या अमक्याचाच मुलगा, साहेब." माझी पेन्सिल सवयीनं चालली होती. साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "ते घेऊ नका. इथं बापाची केस चाललेली नाही." मी तेवढ्या ओळीवर आडवी रेघ मारली.

पुराव्याचा कायदा हेच सांगत आला आहे. १८७२ च्या कायद्याचं कलम ५४ असं होतं की आरोपी स्वतः आपल्या चांगल्या वर्तनाचा पुरावा आणत नाही, तोवर त्याचं आधीचं वाईट वर्तनही विचारात घ्यायचं नाही. जिथं स्वतःचं चालत नाही तिथं बापाचं कुठून चालेल?

मुलगा पुराव्याअभावी सुटला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची आई माझ्या टेबलाशी आली. पदराखालून घडी घातलेलं कात्रण काढलं. मथळ्यात मुलाचं नाव नव्हतंच. 'कुख्यात' हे विशेषण, बापाचं नाव आणि पुढे 'च्या मुलाची सुटका'. गॅरेजच्या मालकानं ते वाचून पोराला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. बाई मला म्हणाल्या, "दादा, कोर्टानं सोडलं ना? मग ह्यांना कोण सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. साहेबांनी कोर्टात जे लिहू दिलं नव्हतं, ते गावभर छापून वाटलं गेलं होतं.

म्हणून संपादक महोदय, माझी कळकळीची विनंती आहे. बातमीतला आरोपी अशा कुणाचा मुलगा असेल तर त्याचं वय, त्याच्यावरचा आरोप आणि खटल्याचं काय झालं एवढं छापा. बापाची ओळख त्या गुन्ह्याशी जोडलेली नसेल तर ती मथळ्यात नको, आणि बातमीतही नको. 'दरोडेखोराचा मुलगा झाला फौजदार' असले कौतुकाचे मथळेही नकोत. त्या पोरानं रात्री जागून अभ्यास केला, मैदानावर घाम गाळला, आणि छापताना पहिला शब्द आपण बापाचा वापरतो. निर्दोष सुटल्याची बातमी अटकेच्या बातमीइतक्याच जागेत आणि त्याच पानावर यावी, हीही विनंती.

आणि पुरवणीच्या लेखकांनी एखाद्या रात्री दिवे मालवून 'गनस्मोक'चा एक भाग ऐकावा. ही ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर फुकट ऐकता येतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक