शेफ नेमका कुणाच्या प्रेमात?

संपादक महोदय,

‘ओ माय घोस्ट’ ही २०१५ सालची १६ भागांची कोरियन मालिका म्हणजे निव्वळ हलकीफुलकी करमणूक, असे अनेक प्रेक्षक म्हणतात; मला ते मत अपुरे वाटते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून राबणारी, सतत ‘चुकले’ म्हणणारी बोंग-सन आणि तिच्या अंगात शिरून शेफच्या बेधडक मागे लागणारी मृत सुन-ए, या दोघी अभिनेत्री पार्क बो-यंग अशा उभ्या करते की, समोर कोण आहे हे संवादाआधीच नजरेवरून आणि खांद्यांच्या ठेवणीवरून कळते. खरा वाद पुढेच आहे. शेफ ज्या मोकळेपणावर भाळतो तो मुळात भुताचा, मग त्याचे प्रेम नेमके कुणावर? ‘शेवटी ती बोंग-सनच’ हे काहींचे उत्तर मला पटत नाही, कारण सत्य कळल्यावर तो दुखावतो, हे मालिकेनेही लपवलेले नाही. सुन-एच्या मृत्यूचा तपास विनोदाचा सूर बिघडवतो (गुन्हेगारही फार लवकर ओळखू येतो), ही तक्रार रास्त आहे. मात्र छोटी खानावळ चालवणारे तिचे वडील कथेत नसते, तर त्या भुताविषयी एवढी हळहळ वाटली नसती.

– एक वाचक