नकाशा अण्णांकडे फिरवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

लंडनला सेंट पॉल कॅथीड्रलच्या दक्षिण बाजूला, रस्त्यापलीकडे, सिटी ऑफ लंडनचं, म्हणजे लंडनच्या मधल्या जुन्या भागाचं, माहिती केंद्र आहे. तिथल्या काउंटरवर तुम्ही होतात. तुमचं नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, पण ते असं चारचौघांत लिहिणं बरं नव्हे, म्हणून ताईच म्हणते. केंद्राच्या पत्त्यावर इंग्रजीत वेगळं पत्र धाडलं आहे. हे मराठीत लिहितेय ते आमच्या माणसांसाठी. लंडनला जाणाऱ्यांना तुम्ही ठाऊक असायला हव्यात. आणि हे वाचून इकडे कुणाला लागलं, तर लागू दे.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी मराठवाड्यातल्या फाट्यांवर माणसं चढवण्या-उतरवण्यात गेली. लंडनला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली, बाबासाहेबांचं घर. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास, ग्रेज इनमधली बॅरिस्टरी, सगळं त्याच काळातलं. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, तेव्हाचं बातमीचं कात्रण अण्णांनी पाकिटात जपून ठेवलंय.

ज्यांच्याबरोबर आम्ही गेलो त्या टूरवाल्यांना हे बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. तेव्हा मान डोलावली. लंडनला पोचल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, "काका, ते बंद पडलंय, केस चालू आहे त्याच्यावर." अण्णांचा चेहराच उतरला. खरी गोष्ट अशी, की त्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे त्या भागाच्या पालिकेने, परवानगी नाकारली होती, त्यावर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने परवानगी दिलीसुद्धा. एवढी जुनी बातमी हा गृहस्थ पर्यटकांच्या तोंडावर फेकत होता. का, तर बस तिकडे वळवायला नको. वर म्हणाला, "तसंही साधं घरच आहे ते, बघण्यासारखं काही नाही." हे त्याने अण्णांना सांगितलं! मला अजून आठवलं की हातपाय थरथरतात.

हॉटेलवाल्याने फोनमध्ये बघा म्हणून वाटेला लावलं. 'पर्यटक माहिती' अशी पाटी लावलेल्या एका दुकानात शिरलो, तर तिथला पोरगा उघड्या बसची तिकिटं गळ्यात मारायला लागला. पत्ता पुरता ऐकूनही घेतला नाही त्याने.

मोकळ्या दुपारी मी अण्णांना घेऊन तुमच्याकडे आले ती फारशी आशा ठेवून नव्हे. मिलेनियम पुलावरून चालत आलो, समोर कॅथीड्रलचा घुमट, आणि अलीकडे कागदाच्या विमानासारखी दुमडलेली तुमची ती स्टीलची इमारत.

मी पत्ता सांगितला. तुम्ही कागदी नकाशा काउंटरवर पसरलात, आणि तो अण्णांकडे फिरवलात. तुमच्याकडून उलटा, त्यांच्याकडून सुलटा. विचारणारी मी होते, इंग्रजी मला येत होतं, तरी तुम्ही ओळखलंत की जायचं यांना आहे. मग सगळा वेळ तुम्ही अण्णांकडे बघून बोललात. मी मराठीत सांगेपर्यंत थांबायचात, त्यांनी मान हलवली की पुढे. नकाशा उलट्या बाजूने वाचताना तुम्हाला एक-दोनदा मान वाकडी करावी लागली, पण नकाशा काही तुम्ही स्वतःकडे फिरवला नाहीत. सेंट पॉल्सहून भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन, टॉटनहॅम कोर्ट रोडला गाडी बदलायची, तिथून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म. तुमचं पेन सरकत होतं आणि पाठोपाठ अण्णांचं बोट.

नॉर्दर्न लाइन कॅम्डन टाउनला फुटते. एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे, आणि चॉक फार्म एजवेअरच्या वाटेवर. इथे तुम्ही पेन थांबवलंत, काउंटरला वळसा घालून बाहेर आलात, अण्णांच्या शेजारी उभ्या राहिलात आणि त्यांच्या बाजूने नकाशावर ठसठशीत कॅपिटल अक्षरांत 'एजवेअर' लिहिलंत. खाली दोन रेघा. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी एकेक अक्षर लावून ते मोठ्याने वाचलं, आणि बरोबर वाचलं म्हणून तुम्ही मनापासून हसलात.

बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, "ही बाई आपल्या लायनीतली आहे. फाटा कुठे फुटतो ते आधी सांगितलं तिनं." जन्मभर लोकांना 'फाट्यावर उतरा, पुढे जाऊ नका' असं बजावत आलेल्या माणसाने दिलेली ही पावती आहे, ताई.

यात तुम्हाला काय मिळणार होतं? ते घर तुमच्या सिटीच्या हद्दीतसुद्धा नाही, कॅम्डनमध्ये आहे. 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य आमच्याकडच्या किती खिडक्यांवर ऐकलंय! तुम्ही ते म्हणाला असतात तरी नियमाने कुणी बोट ठेवलं नसतं. उलट आज घर उघडं आहे का, तेही तुम्ही आपण होऊन बघितलंत.

अण्णांनी एजवेअरची गाडी स्वतः ओळखली. पहिली आली ती हाय बार्नेटची, तिला त्यांनी हाताने 'जा' केलं. चॉक फार्मला उतरून रुळांवरचा पूल ओलांडला की आलंच घर. दारावरच्या गोल निळ्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव आणि '१९२१-२२'. तिथे काय झालं ते लिहीत नाही. अण्णा आत होते तेवढा वेळ मी त्यांच्याशी बोलले नाही.

लंडनच्या रस्त्यांवर ते उंच खांब असतात ना, डोक्यावर पिवळ्या पट्टीत चालणाऱ्या माणसाची खूण असलेले? त्यांच्यावरचा नकाशा आपण ज्या दिशेला तोंड करून उभे असतो तसाच काढलेला असतो. उत्तर वरच पाहिजे असा हट्ट नाही. हे मला परत येताना कळलं, आणि तुमच्या शहरात असा विचार करणारी माणसं पूर्वीपासून आहेत हे बघून बरं वाटलं. पण खांबाला माणसाचा चेहरा वाचता येत नाही. रीजंट स्ट्रीटवरचं मोठं पर्यटक केंद्र २०११ मध्ये बंद झालं असं वाचलं. सगळं फोनवर मिळतं म्हणे आता. त्या दिवशी फोन माझ्या हातात होताच की! टूर मॅनेजरच्या हातात तर दोन होते. सिटीच्या कॉर्पोरेशनला माझी हात जोडून विनंती आहे, तुमचं काउंटर राहू द्या, आणि काउंटरमागे माणूस राहू द्या.

अण्णांच्या डेपोतले जुने ड्रायव्हर आणि त्यांच्या मंडळी येत्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला येताहेत. मुलाला कामातून सवड नाही. काकूंना इंग्रजी वाचता येतं, काकांना नाही. त्यांनाही ते घर बघायचंय. अण्णांनी त्यांना सांगून ठेवलंय, आधी सेंट पॉलला जा, तिथल्या बाईंना भेटा. तेव्हा ताई, येताहेत ते.

जयभीम.

आपली,
अण्णांची मुलगी