हौदात नुसते रंगीत गप्पी सोडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की साठवणीच्या पाण्यात गप्पी मासे सोडा, असे आवाहन दरवर्षी होते. मराठवाड्यात कित्येक गावांत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. अशा घरांना अंगणातला हौद दर आठवड्याला उपसून कोरडा दिवस पाळणे परवडत नाही, त्यांना गप्पीचा मोठा आधार आहे. पण दुकानात गेल्यावर लोक बोट दाखवतात ते चमकदार, झुपकेदार शेपटीच्या माशाकडे. ते बहुतेक नरच असतात. मग पिल्ले होत नाहीत, वर्ष-दोन वर्षांत एकेक मासा मरतो आणि हौद पुन्हा डासांच्या अळ्यांना मोकळा होतो.

नर-मादी ओळखताना रंगावर जाऊ नये. मासा काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरावा आणि पोटाखालचा, शेपटीच्या अलीकडचा पर बघावा. मादीचा हा पर पंख्यासारखा तिकोनी पसरलेला असतो. नराचा काडीसारखा बारीक, मागे वळलेला. मादीच्या पोटात या पराच्या जरा वर काळसर डागही दिसतो, पिल्ले व्हायची वेळ आली की तो गडद होतो. अंगावर रंग नसलेली ही मळकट मादी दोन इंचांपर्यंत वाढते, नर इंच-सव्वा इंचाचाच राहतो. अंगाने मोठी म्हणून अळ्याही तीच जास्त खाते.

एका नरामागे दोन-तीन माद्या घ्याव्यात. नर जास्त झाले की ते मादीची पाठ सोडत नाहीत आणि ती खंगून मरते. पिल्ले साधारण महिन्याने होतात. एकदा नराशी संग झाला की मादी ते बीज पोटात साठवते आणि पुढे काही महिने नराशिवायही पिल्ले देते. त्यामुळे निवड करायचीच तर मादी आधी. मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल यांनाही काडी-पंख्याची हीच खूण लागू पडते, आणि बोअरचे जड पाणी या सगळ्यांना मानवते. नळाच्या ताज्या पाण्यातले क्लोरीन मात्र मासे मारते. हौद भरताना तळाचे थोडे जुने पाणी राहू द्यावे, नवीन मासे दुसऱ्या दिवशी सोडावेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. नदी-तलावात तो सोडू नये, तिथल्या देशी माशांना त्याचा उपद्रव होतो.

घरातल्या काचेच्या टाकीसाठी ‘जोडी’ म्हणून जे विकले जाते, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. एंजल फिशची लहान पिल्ले बघून नर-मादी कोणालाच सांगता येत नाही. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवावीत, मोठी झाल्यावर जोडी ती आपापली लावतात. दोन माद्याही एकमेकींसोबत अंडी घालतात, ती सगळी पांढरी पडून वाया जातात. फायटरमध्ये लांब परांचा तो नर हे खरे, पण आखूड परांचे नरही बाजारात येतात. मादीच्या पोटाच्या परांमागे मोहरीपेक्षा बारीक पांढरा ठिपका असतो, तो बघावा. एका टाकीत दोन नर ठेवले तर एकमेकांना फाडतात.

सर्वात जास्त घोळ गोल्डफिशमध्ये होतो. प्रजननाच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या कडेवर रव्यासारखे पांढरे दाणे उठतात. लोक त्याला ठिपक्यांचा रोग समजतात आणि धडधाकट माशाच्या पाण्यात औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगावर, शेपटीवर कुठेही विखुरलेले असतात, मासा दगडांना अंग घासतो. हे दाणे ठरलेल्या जागीच, ओळीने येतात आणि मासा नेहमीसारखा खात असतो.

गप्पी वाटणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि मत्स्यविक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे की, दहा मासे द्यायचे असतील तर त्यात सात माद्या मोजून द्याव्यात.

आपला,
एक मत्स्यपालक, परभणी